न घाबरलेली माणसं

दिन्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात ‘समोरच्याचं नीट ऐकून कसं घ्यावं’ ह्या विषयाच्या ट्रेनिंगला बसलो होतो, आणि अर्थातच ऐकत नव्हतो. खिशात फोन थरथरला म्हणून बाहेर गेलो, तर कुमुदवहिनी, दिन्याची बायको. “भाऊजी, हे गेले,” एवढंच म्हणाल्या. हॉस्पिटलात, ड्यूटीवर असतानाच, दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पिताना... मी कोटही न घेता स्टेशनकडे पळालो, समोर उभी होती त्या ट्रेनमध्ये चढलो, आणि क्रॉयडनला जायच्या ऐवजी रेडिंगला पोचलो. बरोब्बर उलट्या दिशेला. जवळच्या मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकून माणसं कोसळतात, सुन्न होतात. मी रेडिंगच्या प्लॅटफॉर्मवर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत एका हमालासारख्या दिसणाऱ्या माणसाला क्रॉयडनची गाडी विचारत होतो, आणि तो माझ्यासारखाच एक चुकलेला प्रवासी निघाला. दिन्या तिथे असता तर त्याने आम्हा दोघांचा फोटो नक्की काढला असता.

ह्याला आता काही आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं. पुरवणीच्या संपादकांनी ‘मित्राच्या हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत, पण माझ्याकडे सध्या जो माल शिल्लक आहे तो राग आहे. हृद्य वगैरे मधून मधून काही सापडलं तर वाचकांनी वेचून घ्यावं.

दिनकर भूलतज्ज्ञ होता. दक्षिण लंडनमधल्या एका हॉस्पिटलात सगळी हयात काढलेला, क्रॉयडनला राहणारा, कमी बोलणारा माणूस. माझी त्याची ओळख आमच्या मंडळाच्या गणपतीत झाली. मी पिनरला नवा राहायला आलो होतो आणि आवाज बरा म्हणून मला निवेदन करायला उभं केलं होतं. अध्यक्षांचं भाषण लांबत चाललं तसा मी शेजारच्याच्या कानात म्हणालो की आता ह्यांना कुणीतरी आवरा, अर्धा हॉल गुंगीत गेलाय. माइक चालू होता. गुंगीत गेलेला अर्धा हॉल खडबडून जागा झाला. कार्यक्रम संपल्यावर सगळे मला टाळत असताना गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक किडकिडीत माणूस जवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, “अहो, गुंगी आणायचं काम माझं आहे. माझ्या धंद्यावर कशाला उठलात?” अर्ध्या तासात आम्ही ‘अहो’वरून ‘अरे’वर आलो होतो.

मंडळाचे सगळे फोटो तोच काढायचा. न मागता, न कंटाळता. बारशी, मुंजी, साठीशांती, हळदीकुंकू, लेझीम, आरती, बक्षीस समारंभ. रांगेत उभे राहिलेले, पोट आत घेतलेले सगळे जण त्याने आम्हाला हवे तसे काढून दिले. पण प्रत्येक रोलच्या शेवटी त्याचे स्वतःचे दोन-चार फोटो असायचे. कोटांच्या ढिगावर झोपलेलं पोर. मोठ्या पातेल्यात डोकं घालून ते घासणारे आमचे खजिनदार. दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगात एका पायाने आपली दुसरी चप्पल शोधणारी, पैठणी नेसलेली बाई. हे फोटो बघून लोक एकच प्रश्न विचारायचे, “डॉक्टर, ह्यात आम्ही कुठे आहोत?” दिन्या मान हलवायचा आणि रांगेतला फोटो पुढे करायचा.

त्याची खरी माणसं मात्र रस्त्यावर होती. दर शनिवारी सकाळी तो क्रॉयडनच्या बाजारात आणि ट्रॅमच्या थांब्यांवर फिरायचा. डिजिटल कॅमेरे आले, सगळ्यांच्या हातात आले, तरी ह्याचं ते जुनं, लहानसं, आवाज न करणारं यंत्र आणि काळा-पांढरा रोल. फोकस आधीच दोन पावलांवर लावून ठेवायचा, कॅमेरा छातीशी धरायचा आणि डोळ्याला क्वचितच लावायचा. काय काढायचा? काही नाही. बस चुकल्यावर स्वतःशीच हसणारी म्हातारी. व्हिसा ऑफिसच्या रांगेत उभं राहून एकाच हेडफोनची दोन टोकं दोघांच्या कानात घालून गाणं ऐकणारं नवरा-बायकोचं जोडपं. गाडीवरची वांगी हातात घेऊन त्यांच्याशी बोलल्यासारखा दिसणारा भाजीवाला. आणि पुढच्या शनिवारी प्रिंट खिशात घालून त्या त्या माणसाला शोधून द्यायचा. अंडी विकणाऱ्या बाईने तर आपला फोटो गाडीच्या खांबाला चिकटवून ठेवला होता, तिच्या मते तिचं नाक इतकं चांगलं कुणीच काढलं नव्हतं.

मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. कलेतलं काही कळतं म्हणून नाही, घरी माझी बायको नीला कपाटं आवरायला बसली होती म्हणून. अंगात पिवळाजर्द रेनकोट, जो मला वाटत होतं की मला शोभतो. पहिल्या दहा मिनिटांत मी संत्र्यांच्या खोक्याला धडकलो. संत्री उतारावरून ट्रॅमच्या रुळांकडे निघाली, मी त्यांच्या मागे, भाजीवाला माझ्या मागे. परत आलो तर दिन्याचा रोल संपलेला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, “छे रे. दर शनिवारी येत जा. सगळे तुझ्याकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही.” तेव्हापासून मी त्याच्या दहा पावलं पुढे चालायचो. घसरणं, छत्री उलटी होणं, चुकीच्या बाईला ओळखीची समजून हात करणं ह्यासाठी मला वेगळी मेहनत घ्यावी लागत नसे. त्याच्या कितीतरी उत्तम फोटोंत पाच-सहा जण एकाच दिशेला, चौकटीच्या बाहेर बघून मनापासून हसताना दिसतात. त्या फोटोंत मी नाही. पण ते ज्याच्याकडे बघून हसतायत तो मी. माझ्या आयुष्यातलं कलेला दिलेलं योगदान एवढंच, आणि ते मी कुणाला वाटून देणार नाही.

एकदा ट्रॅममध्ये बसलो असताना मी त्याला विचारलं की हे सगळं कशासाठी? त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “अरे, आठवडाभर मी ज्यांचे चेहरे बघतो ते सगळे घाबरलेले असतात. टेबलावर आडवे, माझ्याकडे बघतायत, आता परत जाग येणार की नाही म्हणून. चांगली माणसं, पण घाबरलेली. शनिवारी मी न घाबरलेली माणसं बघायला येतो.”

हे वाक्य मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. कारण मग काळ असा आला की हातात कॅमेरा असलेला, आमच्या रंगाचा पुरुष रस्त्यात दिसला की लोक वळून बघायला लागले. आधी बॅग बघायचे, मग दाढी आहे का बघायचे. दिन्याला दाढी नव्हती, बॅग होती. शाळांनी नाटकाचे फोटो काढायला बंदी घातली, पोहण्याच्या तलावावर पाट्या लागल्या. एका शनिवारी, मी पिनरला घरी बॉयलर दुरुस्त करणाऱ्याची वाट बघत होतो जो आलाच नाही, त्या शनिवारी दिन्याने ट्रॅमच्या थांब्यावर एक फोटो काढला. तोंडावर वाघाचे पट्टे रंगवलेला एक लहान मुलगा, चिप्स खाताना. पट्ट्यांना व्हिनेगर लागलेलं. शेजारी उभा असलेला त्याचा बाप हसत होता. पण रस्त्याच्या पलीकडून एक बाई ओरडायला लागली, त्या मुलाची कुणीही न लागणारी. गर्दी जमली, बाप गोंधळला, ट्रॅम आली तसा पोराला उचलून निघून गेला. पोलीस आले. दिन्याने स्वतःहून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याला गाडीत बसवून विचारपूस केली, कॅमेरा ठेवून घेतला, आणि संध्याकाळी घरी सोडलं.

इथपर्यंत मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो अनोळखी लोकांचा राग आहे, तो पचतो. सासूच्या व्हिसाच्या कामासाठी क्रॉयडनला आलेल्या आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने दिन्याला पोलिसांच्या गाडीत बसलेला बघितला. थांबून काय झालं हे विचारलं नाही. घरी जाऊन फोन मात्र केले. सोमवारपर्यंत, मंडळातले बहुतेक जण राहतात त्या सगळ्या हॅरोला माहीत झालं होतं की डॉक्टरांना ‘लहान मुलांच्या फोटोंवरून’ नेलं. पुढचं वाक्य कुणी पूर्ण करत नव्हतं. सगळे नुसते “बघा ना...” म्हणून थांबायचे. त्या टिंबांचा मला जेवढा राग आहे तेवढा त्या रस्त्यावर ओरडणाऱ्या बाईचा नाही. ती निदान तोंडावर ओरडली.

मग कमिटीची मीटिंग. बालनाट्य जवळ आलं होतं. माइक प्रकरणानंतर मला ध्वनिव्यवस्थेवर नेमलं होतं, कारण बटण माझ्याच हातात असलं की चूक कुणाची हा प्रश्न राहत नाही, म्हणून मीही कमिटीत होतो. अध्यक्ष वसंतराव. सभ्य माणूस, आवाजात साय. म्हणाले, “प्रश्न विश्वासाचा नाही हो. डॉक्टरांना मी भाऊ मानतो. प्रश्न परसेप्शनचा आहे. पालकांचे फोन येतायत.” मी विचारलं कुठल्या पालकांचे, नावं सांगा. तर म्हणाले की नावांत जायला नको. कुणी म्हणालं चाइल्ड प्रोटेक्शन, कुणी म्हणालं हॉल कौन्सिलचा आहे, कुणी म्हणालं एकदा जरा शांत होऊ द्या. ज्या बाईच्या जुळ्यांचे पहिल्या आंघोळीपासूनचे सगळे फोटो दिन्याने काढलेले आहेत ती बाई बटाटेवडा खात खाली बघत होती. शेवटी ठरलं की डॉक्टरांनी ‘थोडी विश्रांती घ्यावी’.

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला योग्य वेळी योग्य शब्द सुचत होते. म्हणालो, ज्या माणसाने तुमच्या घरातली सगळी बारशी टिपली त्याला तुम्ही दाराबाहेर उभं करणार असाल, तर मलाही ह्या खोलीत बसायचं नाही. लोक खरोखर वरमले होते, मी ते डोळ्यांनी बघितलं. मी ताड ताड चालत गेलो, दार खाडकन उघडलं, आणि आत शिरलो. ते घडीच्या खुर्च्या ठेवायचं कपाट होतं. खुर्च्या एकामागून एक माझ्या अंगावर आल्या. आधी कुणीतरी फिस्कन हसलं, मग सगळेच. वसंतराव स्वतः मला उठवायला आले, माझा कोट झटकला, “लागलं नाही ना?” म्हणाले. मी खऱ्या दारातून बाहेर पडेपर्यंत श्रीखंड विकत आणायचं की घरी करायचं ह्यावर चर्चा सुरू झाली होती. हा किस्सा मी पुढे कितीतरी जेवणावळींत रंगवून सांगितला आहे. आता सांगणार नाही. त्या हसण्यात एका माणसाचा निकाल लागला, आणि कुणाला हात वर करायचीही गरज पडली नाही.

वसंतरावांनी दिन्याला फोन केला. ह्या वर्षी कॅमेरा तरुणांवर सोडा, तुम्ही आराम करा. दिन्या म्हणाला, बरं, नुसता बघायला येतो. तेव्हा पलीकडून सायीसारखा आवाज म्हणाला की खरं तर ह्या वेळी हॉलमध्ये आला नाहीत तरी कुणी काही म्हणणार नाही. दिन्याने ‘बरं’ म्हटलं. ह्या ‘बरं’चा मला आजही संताप येतो. मी त्याच्यावर ओरडलो, की अरे, शिव्या दे, नातेवाईक असल्यासारखं भांड तरी. तो कपाटाची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. मग चष्मा पुसत त्याने विचारलं, मीटिंगला कोण कोण होतं. मी नावं सांगत गेलो आणि तो प्रत्येक नावाला नुसता “हं” करत गेला... त्या ‘हं’ मधे काय होतं ते मी लिहू शकत नाही.

कॅमेरा परत आला. पोलिसांचा एक गोरा सार्जंट स्वतः घरी देऊन गेला. दारात उभा राहून म्हणाला, सॉरी डॉक्टर, तुम्हाला उगाच त्रास झाला, आणि तो वाघाचा फोटो फार छान आहे. वहिनींनी त्याला चहा दिला. म्हणजे पोलिसांनी सॉरी म्हटलं. आमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही. गणपती, दिवाळी, संक्रांत, पुन्हा गणपती. तिळगूळ पोस्टाने यायचा.

दिन्या शनिवारी जायचा, पण त्याचे फोटो बदलले. बंद दुकानांची शटर्स, ओले फुटपाथ, ट्रॅमचे रिकामे थांबे. एकदा त्याने मला असा एक फोटो दाखवला तेव्हा मी वेड्यासारखं तोंडातून काढलं की ह्यात माणूस कुठे आहे? तो म्हणाला, “नाही. म्हणजे कुणाला घाबरायला नको.”

आणि मग शोकसभा. तोच हॉल, त्याच खुर्च्या. वसंतराव उठले आणि गहिवरून म्हणाले, “आज आपल्या मंडळाचा डोळा मिटला.” मागे कुणीतरी हुंदका दिला. मी उठलो. ह्या वेळी दार बघून ठेवलेलं होतं. पण रागाने माझ्या घशात असं काही अडकलं की शब्दाऐवजी नुसता खोकला यायला लागला, डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, मित्राला शोक आवरत नाही. दोघांनी पाठीवरून हात फिरवला, एकाने पाणी दिलं, वसंतरावांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. अशा रीतीने दुसऱ्यांदाही माझं म्हणणं राहूनच गेलं. म्हणून हे इथे लिहितो आहे. छापलेल्या शब्दाला खोकला येत नाही.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे पडद्याचा दांडा बसवायला गेलो होतो. शिडीवर होतो, दांडा हातात, स्क्रू तोंडात, भिंतीला पडलेली चारही भोकं चुकीच्या जागी. तेवढ्यात वसंतराव आले, बरोबर त्यांची मुलगी मीरा. ती इथेच जन्मलेली, प्रायमरी शाळेत शिकवते. मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका तिच्याकडे दिली आहे. वसंतराव माझ्या शिडीलाच टेकून उभे राहिले, त्यामुळे मला उतरता येईना. त्यांनी सांगितलं की स्मरणिका डॉक्टरांच्या स्मृतीला अर्पण करायची आहे, पण मंडळाच्या इतक्या वर्षांच्या फोटोंची मूळ निगेटिव्ह सगळी इथेच आहेत. ती मिळाली तर फार उपकार होतील.

वहिनींनी चहा दिला, चिवडा दिला. मग म्हणाल्या, “देईन की. सगळी देईन. पहिल्या पानावर एक वाक्य छापा.”

“अवश्य. काय छापायचं?”

“मंडळाने डॉक्टर दिनकर ह्यांच्यावर विनाकारण संशय घेतला, त्यांना हॉलमध्ये येऊ दिलं नाही, ते आमचं चुकलं. खाली तुमचं नाव.”

वसंतरावांनी कप खाली ठेवला. म्हणाले, वहिनी, आता गेलेल्या माणसाच्या मागे ते कशाला... मुलांच्या काळजीपोटी झालं, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मीरा बापाकडे बघत होती. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं होतं की काकांना बरं नसतं म्हणून ते येत नाहीत. ती म्हणाली, “बाबा, खरंच तुम्ही असा केला?”

“मी नाही गं. कमिटीने.”

“You are the committee, बाबा.” मग वहिनींकडे वळून, “काकू, मी शाळेत शिकवते. प्रोटेक्शन काय असते मला माहीत आहे. हा प्रोटेक्शन नव्हता. माझी सगळी बर्थडे काकांनीच काढली. मी कधीच घाबरली नाही.”

वसंतराव उठले. मग कोट उचलून म्हणाले की हे कमिटीपुढे ठेवावं लागेल. वहिनी म्हणाल्या, “ठेवा. तेव्हा एका संध्याकाळी ठरलं होतं, आताही ठरेल.” मीरा जाताना त्यांच्या पाया पडली, जे ती एरवी लग्नाकार्यातसुद्धा टाळते. मी शिडीवरून काहीतरी जळजळीत बोलणार होतो, पण तोंडात स्क्रू होते. बरंच झालं. वहिनींनी सगळं बोलून टाकलं होतं.

ते गेल्यावर वहिनी मला वर घेऊन गेल्या, पेट्या नीट आहेत ना बघायला. जिन्याच्या टोकाची ती लहान खोली दिन्याची डार्करूम. वहिनी दारापाशी थांबल्या, बोटाने टकटक केलं, आणि उभ्या राहिल्या. आत प्रिंट धुतले जात असताना दार उघडलं तर सगळं काळं पडतं, म्हणून इतकी वर्षं त्या टकटक करायच्या आणि आतून “ये” ऐकू आल्यावरच दार उघडायच्या. आता आत कुणी नाही. काळं पडण्यासारखं काही नाही. तरी त्या थांबतात, एक “ये” म्हणायला लागेल तेवढा वेळ... मग कडी काढतात. आत अजून फोटो धुवायच्या फिक्सरचा आंबूस वास आहे, खिडकीला काळा कागद तसाच आहे, आणि फळीवर पेट्या ओळीने लावून ठेवल्या आहेत.

वसंतराव, तुम्हीही ही पुरवणी वाचता, मला ठाऊक आहे. पेट्या तिथेच आहेत. घर तुमच्या ओळखीचं आहे, तिथे कितीदा जेवला आहात. वाक्य लिहून आणा, वर जा, आणि कडी काढायच्या आधी दारावर टकटक करा.